ग्राउंडेड थिअरीने संशोधन कसे करावे

ग्राउंडेड थिअरी, म्हणजे गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धान्त उभा करण्याची पद्धत, वापरायची ठरवली, की सर्वांत आधी कामाचा क्रम बदलावा लागतो. सगळ्या मुलाखती उरकून मग विश्लेषणाला बसणे येथे चालत नाही. पहिली मुलाखत लिहून काढताच तिचे संकेतन करायचे, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना त्यांचा आशय सांगणारी छोटी नावे द्यायची, आणि पुढे कोणाला भेटायचे, काय विचारायचे, हे त्यातून ठरवायचे. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ही पद्धत ग्रंथरूपाने मांडली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांविषयी त्यांनी केलेल्या अभ्यासातून ती घडली होती, आणि माझ्या मते शिकणाऱ्याने आजही तोच अभ्यास समोर ठेवावा.

आरंभी गृहीतक नको. येथे काय घडते आहे आणि माणसे त्यातून कशी वाट काढतात, एवढा मोकळा प्रश्न पुरेसा असतो. मुलाखतीचा मजकूर ओळीओळीने वाचून समासात कृती दाखवणारे छोटे संकेत लिहावेत. ‘आजार’ या संकेतातून काहीच हाती लागत नाही, तर ‘निदान लपवणे’, ‘विषय टाळणे’ यांतून माणसांचे वागणे दिसू लागते. बोलणाऱ्याचाच एखादा शब्द नेमका असेल, तर तोच संकेत म्हणून ठेवावा. नंतर प्रत्येक नवा प्रसंग त्याच संकेताखालील जुन्या प्रसंगांशी ताडून पाहावा. अशा सततच्या तुलनेतूनच ग्लेझर आणि स्ट्रॉस यांना मृत्यूच्या जाणिवेच्या चार अवस्था दिसल्या: रुग्णाला काहीच ठाऊक नसणे, त्याला संशय येणे, दोन्ही बाजूंना ठाऊक असूनही तसे न दाखवणे आणि उघडपणे बोलणे.

सर्वाधिक चुका होतात त्या सैद्धान्तिक नमुना निवडीत. येथे नमुना लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करत नाही. तो आकाराला येणाऱ्या संकल्पनेची परीक्षा घेतो. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांच्या अभ्यासात, जिथे रुग्णाला जाणीव असणेच शक्य नव्हते, अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागापासून निरीक्षण सुरू झाले. तेथून मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या विभागात, मग मृत्यू अपेक्षित आणि झपाट्याने येणाऱ्या अतिदक्षता विभागात, नंतर तो सावकाश येणाऱ्या कर्करोग विभागात आणि शेवटी तो अचानक येणाऱ्या आपत्कालीन विभागात. पुढचा विभाग जाणीव, अपेक्षा आणि मृत्यूचा वेग यांविषयी आकाराला येणाऱ्या संकल्पनांच्या आधारे निवडलेला होता.

या सगळ्या काळात टिपणे लिहीत राहावे. संकेत का बदलला, दोन प्रवर्गांचे (एकत्र आणलेल्या सारख्या संकेतांच्या गटांचे) नाते काय, कोणती शंका उरली, हे त्याच दिवशी, भाषेची सफाई न पाहता आणि तारीख घालून लिहावे, कारण अंतिम सिद्धान्त मुलाखतींपेक्षा या टिपणांतूनच उभा राहतो. नव्या माहितीने मुख्य प्रवर्गात कोणताही नवा पैलू उमटेनासा झाला, की संपृक्तता आली असे समजावे. ती मुलाखतींच्या आकड्यावर ठरत नाही.

पुढे पद्धतीला फाटे फुटले. स्ट्रॉस आणि ज्युलिएट कॉर्बिन यांनी १९९० मध्ये संकेतनाची अधिक बांधीव रीत दिली. त्यामुळे माहितीवर आधीच ठरलेला साचा लादला जातो, असा आक्षेप ग्लेझर यांनी १९९२ मध्ये घेतला. कॅथी चार्माझ यांनी २००६ मध्ये संशोधकाचाही अर्थघडणीत वाटा मानणारी मांडणी केली. यांपैकी कोणती वाट धरली, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे. आराखड्यात नमुनासंख्या आधीच मागितली गेली, तर सुरुवातीचा गट नोंदवून पुढील निवडीचा आणि थांबण्याचा निकष त्यापुढे लिहावा.