इथिओपियात कच्चं मांस पुढ्यात आलं तर काय करायचं, आणि बडोद्यात घरी कित्फो कसा करायचा

भाचा पुढच्या महिन्यात बडोद्याहून अदिस अबाबाला नोकरीसाठी चाललाय आणि त्याचा पहिला प्रश्न हाच, मावशी तिथे खरंच कच्चं मांस खातात का. हो, खातात, आणि खूप प्रेमाने खातात. मी तिथे दोन वर्षं शिकवायला होते, त्यामुळे त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितेय, आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातलं अजून कोणी जात असेल तर कामाला येईल.

आधी दोन पदार्थ वेगळे ओळखायला शिका. एक तेरे सिगा, तेरे म्हणजे कच्चं आणि सिगा म्हणजे मांस. बैलाच्या मांसाचा मोठा तुकडाच समोर येतो, धारदार सुरीने आपणच एकेक घासाएवढं कापायचं आणि मितमिता नावाच्या तिखट पुडीत नाहीतर अवाझे नावाच्या ओल्या मसाल्यात बुडवून खायचं. दुसरा कित्फो, हा मूळ गुरागे लोकांचा, चरबी-शिरा काढलेलं मांस सुरीने अगदी बारीक चिरून त्यात मसाल्याचं कोमट तूप आणि मितमिता कालवतात. सोबत ताकापासून केलेलं आयिब नावाचं भुरभुरीत पनीर, शिजवलेली गोमेनची पालेभाजी आणि कोचो, ही एन्सेट नावाच्या केळीसारख्या दिसणाऱ्या झाडापासून केलेली आंबवलेली भाकरी. तेरे सिगा बहुतेक सिगा बेतमध्ये मिळतो, म्हणजे खाटकाचं दुकान आणि खाणावळ एकाच ठिकाणी, मांस समोरच टांगलेलं असतं, किलोच्या हिशोबाने मागायचं.

वार बघून जा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, मांस, दूध, तूप, अंडं काही नाही, आणि ईस्टरच्या आधी तर सलग 55 दिवस. त्या उपासानंतर फासिका येतो, म्हणजे त्यांचा ईस्टर, तेव्हा मांसाच्या दुकानांवर जी गर्दी असते ती बघितली की आपल्याकडे श्रावण-गणपती संपल्यावर मटणाच्या दुकानापुढे लागणारी रांगच आठवते. शाकाहारी असाल तर उपासाचे दिवस तुमचे, त्या दिवशी बेयायनेतू मागा, इंजेरावर, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या मोठ्या आंबोळीवर, पाच-सहा प्रकारच्या डाळी-भाज्या येतात. आणि एक लक्षात ठेवा, तिथले मुसलमान आणि ख्रिश्चन एकमेकांनी कापलेलं मांस खात नाहीत, त्यामुळे मिश्र ग्रुपला जेवायला बोलावणार असाल तर आधी विचारा.

आता खरं सांगायचं ते हे. नको असेल तर सरळ सांगा, पण नाक मुरडू नका. पाहुण्याला कच्चं मांस वाढणं हा मान आहे, चांगलं ताजं जनावर कापलं तरच ते कच्चं खातात. कित्फो मागताना ‘लेब लेब’ म्हटलं की तव्यावर जरासा गरम करून आणतात, ‘येबेसेले’ म्हटलं की पूर्ण शिजवून. मी दोन वर्षं येबेसेलेच म्हणत आले आणि कधी कोणाचा चेहरा उतरला नाही. पोट भरलं की ‘बेक्काञ’ म्हणा, म्हणजे मला पुरे. ताट एकच असतं, हात धुवून उजव्या हाताने सगळे त्यातच जेवतात, आणि मग कोणीतरी मोठा घास करून तुमच्या तोंडात भरवतं, त्याला गुर्शा म्हणतात. तो नाकारू नका, आपल्याकडे लग्नात घास भरवतात तसाच जीव असतो त्यात, फक्त घास शिजलेल्याचा आहे का ते आधी बघून ठेवा म्हणजे ऐनवेळी पंचाईत नको. जेवताना कोणी आलं की ते ‘एन्निब्ला’ म्हणतात, चला जेवू या, अगदी आपलं ‘या जेवायला’, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं होतं.

लेब लेबला मी नको म्हणते त्याचं कारण पोटातला पट्टकृमी. गाईबैलाच्या कच्च्या मांसातून तो येतो, आतड्यात कित्येक मीटर वाढतो, आणि खाल्ल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पूर्ण वाढतो म्हणून कोणाला संबंधच लागत नाही. तिखटाने किंवा सोबत घेतलेल्या दारूने तो मरत नाही. तिथल्या लोकांना हे पूर्वीपासून माहीत आहे, कोसो नावाच्या झाडाची फुलं ते जंतावर औषध म्हणून घेत आलेत. आता प्राझिक्वाँटेल किंवा निक्लोसामाइड देतात, पण मनाने घेऊ नका, शौचात पांढरे चपटे तुकडे दिसले तर डॉक्टरकडे जा आणि कच्चं मांस खाल्लं होतं हे न लाजता सांगा. जंतांशिवाय साल्मोनेलासारखे जीवाणू असतात ते वेगळेच, गरोदर बायका आणि लहान मुलांनी तर कच्चं अजिबात नको.

घरी करायचं तर आपल्याकडे गुजरातेत गोहत्येला कायद्याने बंदी आहे, म्हणून मी बोकडाचा खिमा घेते, मांडीचा, चरबी काढायला सांगून, आणि पूर्ण शिजवते. चव खरी तुपात आहे. अर्धा किलो लोणी अगदी मंद आचेवर ठेवा, त्यात छोटा कांदा, चार लसूण पाकळ्या, बोटभर आलं, अर्धा चमचा मेथी, चिमूटभर हळद, तीन-चार मसाला वेलदोडे ठेचून आणि मूठभर तुळशीची पानं. तिथे कोरेरिमा नावाची वेलची आणि तुळशीच्याच कुळातलं बेसोबेला घालतात, इथे हेच जवळचं. बेरी तळाला बसेपर्यंत घाई करू नका, करपली की सगळं तूप कडू, मग फडक्यातून गाळा. मितमितासाठी वाळलेली लवंगी मिरची, वेलदोड्याचे दाणे, दोन लवंगा आणि मीठ कोरडंच कुटा. खिमा थोड्या तुपावर गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत परता, गॅस बंद करून वरून अजून दोन चमचे तूप आणि मितमिता घाला. इंजेराच्या जागी नाचणी-तांदळाची आंबोळी, रात्रभर आंबवलेली, ती आंबट चव हवीच. ताक मंद गरम करून फाटलं की फडक्यात बांधा, आयिब तयार, तिखट लागलं की तेच खायचं. उरलेलं तूप काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वरणावर घालून बघा.