माओरी पर्यटनात काम करायचं असेल तर

न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ शहराजवळ एका माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, कुटुंबाच्या छोट्या पर्यटन व्यवसायात मी बुकिंग सांभाळायला लागले आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्यात मृत्यू झाला. त्यांचा अंत्यविधी, म्हणजे तांगी, मराएवर दोन-तीन दिवस चालतो. मराए म्हणजे त्यांचं सभागृह आणि पुढचं अंगण. नेमके त्याच दिवसांत आमच्याकडे दोन गट यायचे होते. कॉलेजात शिकवलं होतं तसं मी गटांच्या बदललेल्या वेळांचा कागद घेऊन मालकीणबाईंकडे गेले. त्यांना सगळे आंटी म्हणतात. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी हे आमचं घर आहे." मला फार लाज वाटली.

त्या रात्री बुकिंगच्या अटींत मी एक कलम घातलं: तांगी असेल तर भेट रद्द, पैसे परत किंवा दुसरी तारीख. ट्रॅव्हल एजंटांना हे आधीच सांगून ठेवलं, तर बहुतेक जण समजून घेतात. तुम्ही रुजू झालात की पहिल्यांदा हे कलम आहे का ते बघा.

हा व्यवसाय त्यांना नवा नाही. 1886 मध्ये तारावेरा ज्वालामुखी फुटून इथल्या प्रसिद्ध गुलाबी-पांढऱ्या पायऱ्या, म्हणजे गरम झऱ्यांनी घडवलेले नैसर्गिक टप्पे, गेल्या. त्याआधी सोफिया हिनेरांगींसारख्या वाटाड्या पाहुण्यांना तिथे नेत. त्यामुळे काय दाखवायचं आणि काय घरातच ठेवायचं, हे तेच ठरवतात. माहितीपत्रक लिहिताना पोफिरीला 'शो' म्हणू नका. ते पाहुण्याचं विधिवत स्वागत असतं.

कर्जाचं गणित मात्र नीट शिका. माओरी जमिनीला कित्येकदा शेकडो सहमालक असतात, आणि 1993 च्या कायद्याने ती समाजाबाहेर जाणं अवघड केलं आहे. ते योग्यच आहे, पण बँक अशी जमीन सहजी तारण घेत नाही. काइकोरा या किनाऱ्यावरच्या गावात 1987 मध्ये व्हेल दाखवणाऱ्या बोटींचा व्यवसाय उभा करताना काही कुटुंबांनी राहती घरं गहाण टाकली होती. तेव्हा व्यवसायाचा आराखडा जमिनीच्या भरवशावर मांडू नका.

माओरी भाषेचे उच्चार रोज घोटा. आणि पेपेहा, म्हणजे आपला डोंगर, नदी, माणसं सांगून करायची ओळख, पाठ ठेवा. मुलाखतीत मी पदवीचं प्रमाणपत्र पुढे केलं, तर आंटींनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुझा डोंगर कोणता?" मी म्हणाले, अजिंक्यतारा. नदी, कृष्णा. मग आईवडिलांची नावं विचारली, आणि चहा आला.