सॅश खिडकीच्या पट्ट्या निवडताय? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये जुनं घर घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात खिडक्या बदलायचे विचार सुरू होतात. वर-खाली सरकणारी लाकडी सॅश खिडकी खडखडते, फटीतून वारा येतो. मग कोटेशनं मागवली जातात आणि सगळी चर्चा काचेभोवती फिरते. तावदानांच्या मधल्या लाकडी पट्ट्या, म्हणजे ग्लेझिंग बार, कुणी विचारातही घेत नाही.

इथेच सर्वांत महागडी चूक होते: आधी काच ठरते, मग तिला पेलेल अशी पट्टी. नेहमीची दुहेरी काच 24 मिमी जाड असते. तिच्या कडेचं सील झाकायला दोन्ही बाजूंना खोल खाच लागते, त्यामुळे पट्टी चांगलीच रुंद होते. 1800 च्या आसपासच्या घरात ती जेमतेम 15-16 मिमी असायची. वर सहा आणि खाली सहा तावदानांच्या खिडकीत जाड पट्ट्या बसवल्या की काच कमी आणि लाकूडच जास्त दिसतं.

वजनाचंही तेच. 3 मिमीची जुनी काच चौरस मीटरला साधारण साडेसात किलो भरते, 4 मिमीच्या दोन काचा 20 किलो. नवी खिडकी वर केली की आपोआप खाली घसरत असेल, तर दोर बदलण्याआधी चौकटीच्या पोकळीत दोराला टांगलेली, खिडकीचा भार तोलणारी वजनं तपासा. तेवढ्याच जागेत जास्त भार हवा असेल तर बिडाऐवजी शिशाची वजनं घालतात. माझं मत विचाराल तर जुन्या पट्ट्या धड असतील तेव्हा त्या ठेवाव्यात आणि आतून दुसरी सरकती काच बसवावी. आवाजही कमी होतो.

दुसरी चूक काळाची. 1700 च्या सुमाराच्या पट्ट्या जाडजूड, बऱ्याचदा दीड इंचाच्या. पुढे त्या बारीक होत गेल्या. 1832 पासून ब्रिटनमध्ये मोठ्या आकाराची सिलिंडर काच (नळकांड्यासारखी फुगवून, मग उलगडून सपाट केलेली) बनू लागली, 1845 मध्ये काचेवरचं शुल्क गेलं, 1851 मध्ये खिडकी-कर गेला. मोठी तावदानं परवडू लागली आणि मधल्या पट्ट्याच कमी झाल्या. आधाराच्या पट्ट्या नाहीत आणि काच जड, म्हणून सॅशच्या, म्हणजे सरकत्या चौकटीच्या, कोपऱ्याचा सांधा बळकट करायला ‘हॉर्न’, म्हणजे उभ्या लाकडाची सांध्यापुढे वाढवलेली टोकं, आले. तेव्हा व्हिक्टोरियन (1837-1901) घराला ‘जुना लूक’ म्हणून बारा तावदानं देऊ नका, आणि त्याआधीच्या जॉर्जियन काळातल्या खिडकीला हॉर्न लावू नका. कॅटलॉगमध्ये दोन्ही सर्रास एकत्र दिसतात! शेजारच्या घरांत मूळ खिडकी शिल्लक असेल तर ती कॅटलॉगपेक्षा खरी.

एकाच मोठ्या काचेवर चिकटवलेल्या पट्ट्या स्वस्त पडतात. काही वर्षांनी त्यांची टोकं उचलली जातात, मागे पाणी साचतं. शिवाय जुन्या खिडकीत प्रत्येक तावदान किंचित वेगळ्या कोनात प्रकाश परतवतं, ती मजा जाते.

माप घेताना रंगाचे थर धरून माप घेऊ नका. शंभर वर्षांच्या रंगाखाली पट्टीची गोलाई बुजलेली असते. छोटा भाग साफ करून आकार उतरवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका.

पट्टीच्या खालच्या कडेला लाकूड मऊ लागत असेल तर बहुधा लांबी (काच बसवायची पुट्टी) तडकली आहे. नवी लांबी भरल्यावर रंग काचेवर साधारण 2 मिमी चढू द्या, म्हणजे सांध्यात पाणी शिरत नाही. सीलबंद दुहेरी काचेला मात्र जवसाच्या तेलाची लांबी चालत नाही. तेलाने सील खराब होऊन आत धुकं धरतं.

घर ‘लिस्टेड’, म्हणजे सरकारी यादीतली संरक्षित वास्तू, असेल तर पट्टीची जाडी बदलण्याआधी कौन्सिलला विचारा. इंग्लंडमध्ये अशा घराचं रूप बदलणारं काम परवानगीविना करणं हा फौजदारी गुन्हा आहे. लीजवरच्या फ्लॅटमध्ये खिडक्या अनेकदा मूळ मालकाच्या असतात, ते करारात बघून घ्या. आणि ऑर्डर देण्याआधी सुताराकडून पट्टीचा एक तुकडा मागवा. नुसत्या ड्रॉइंगवर सही करू नका.