जुन्या बाजारात घंगाळ घेताना

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी रविवारी सकाळीच गाठते, ऊन चढलं की गर्दीत भांडं नीट न्याहाळता येत नाही. पिशवीत लोहचुंबक आणि लिंबाची फोड ठेवा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. मग विक्रेत्याला विचारून बुडाशी लिंबू चोळा: लालसर निघालं तर तांबं, पिवळं निघालं तर पितळ.

खरी पारख कड्यांपाशी. घंगाळ दोन्ही कड्यांना धरून उचला. कडी डुगडुगली किंवा भोवती झाळल्याचा करडा डाग दिसला, तर भाव उतरवून मागा. बूड उजेडाकडे धरा, सुईएवढं भोकही चमकतं. आदल्या दिवशी मोडीचा भाव विचारून ठेवलात की घासाघीस सोपी जाते.

काठावरून बोट फिरवायला विसरू नका. माझ्या घंगाळावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलंय. ते झिजलंय, पण पुढचं ‘हिस मामाकडून’ अजून वाचता येतं. कुणाच्या तरी लग्नातला आहेर तो! अशा भांड्याला पॉलिशचं चाक लावू देऊ नका, अक्षरं पुसली जातात. चिंच-मीठ आणि मऊ फडकं पुरे.

पोचे काढायला कसबा पेठेतली तांबट आळी आहेच. स्वयंपाकाचं पातेलं घेतलंत तर मात्र कल्हई केल्याशिवाय त्यात आमटी, कढी काही शिजवू नका.