परक्लोरेट डिस्चार्ज टेस्ट: आकडा कधी खरा मानायचा

थायरॉइडच्या पेशीत आयोडाइड ओढून आणणारा पंप वेगळा आणि ते थायरोग्लोब्युलिनला (हार्मोन ज्यावर तयार होतं ते प्रथिन) जोडणारं एन्झाइम, टीपीओ, वेगळं. पंप चालू आणि जोडणी बंद असेल, तर आयोडाइड आत सुटंच राहतं. परक्लोरेटने पंप अडवला की ते रक्तात परत गळतं. ती गळती मोजायची, हीच ही चाचणी.

निम्मी चाचणी तयारीतच बिघडते. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) साधारण ४ आठवडे बंद हवं. मेंदू वाढत असताना ती थांबवणं धोक्याचं, म्हणूनच लहान मुलांत चाचणी बहुधा तिसऱ्या वर्षानंतर करतात. कॉन्ट्रास्ट सीटी, अमिओडॅरोन, बाळाच्या नाळेला लावलेलं बीटाडीन हे सगळं खोदून विचारा, या सगळ्यांत आयोडीन असतं आणि त्याने निकाल बिघडतो. कार्बिमॅझोल (थायरॉइड जास्त असताना देतात ते औषध) तर जोडणीच अडवतं. ते चालू असताना आलेला पॉझिटिव्ह निकाल खोटा. गरोदरपणात चाचणी नाही.

रुग्ण उपाशीपोटी हवा. आयोडीन-१२३ (किरणोत्सारी आयोडीन) दिल्यावर २ तासांनी मानेचे आणि मांडीचे (बॅकग्राउंडसाठी) काउंट, म्हणजे किरणोत्साराची मोजणी, घ्या. मग प्रौढांना १ ग्रॅम पोटॅशियम परक्लोरेट तोंडाने, मुलांना वजनानुसार. पुढे तासभर दर १५ मिनिटांनी काउंट. टेक्नेशियम (थायरॉइड स्कॅनचा दुसरा किरणोत्सारी पदार्थ) इथे चालत नाही, ते निरोगी ग्रंथीतही जोडलं जात नाही.

अपटेक (दिलेल्या आयोडीनपैकी ग्रंथीने ओढलेला वाटा) ४० टक्क्यांवरून २२ वर आला, तर डिस्चार्ज १८ नव्हे, ४५ टक्के: १८ भागिले ४०. रिपोर्टमध्ये ही चूक फार दिसते. १० टक्क्यांखाली नॉर्मल, ९० च्या वर पूर्ण दोष, मधलं अंशतः. आयोडीन-१२३ तासाला ५ टक्के क्षय पावतं. दर वेळी स्टँडर्ड (त्याच आयोडीनचा बाजूला ठेवलेला नमुना) सोबत मोजला नाही, तर ही घटच डिस्चार्ज म्हणून मोजली जाते आणि ७ चे १२ होतात.

मुळात अपटेकच ४-५ टक्के असेल, तर परक्लोरेट देऊ नका. फरक बॅकग्राउंडमध्ये बुडतो. तयारी चोख असूनही अपटेक नगण्य आणि सोनोग्राफीत ग्रंथी जागेवर, तर संशय पंपावर. लाळग्रंथींतही तोच पंप असतो: लाळ आणि प्लाझ्मा यांतल्या किरणोत्साराचं गुणोत्तर एरवी कितीतरी पट येतं, पंप बिघडला की १ च्या आसपास.

पॉझिटिव्ह म्हणजे जन्मजात दोष असंही नाही. हाशिमोटोतही (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो आजार) गळती दिसते. सोबत बहिरेपणा असेल तर पेंड्रेड सिंड्रोम (बहिरेपणा आणि थायरॉइडचा दोष एकत्र आणणारा आनुवंशिक आजार) आठवा. त्यात डिस्चार्ज बहुधा अंशतः असतो, कधी नॉर्मलही येतो. तेव्हा कानाच्या हाडाचा सीटी आणि एसएलसी२६ए४ जनुकाची तपासणी करावीच लागते.