साठीत धावायला लागलात? आधी नाडी मोजा

साठीच्या आसपास धावायला लागलेल्या माणसाची प्रगती वेगावरून कळत नाही, नाडीवरून कळते. त्यासाठी सेकंदकाट्याचं घड्याळ आणि एक वही पुरते. त्याआधी मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर तपासून घ्या. छातीत दुखण्याचा किंवा चालताना दम लागण्याचा त्रास असेल, तर ईसीजी काढून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय धावू नका.

सकाळी जाग आली की अंथरुणातच, चहाच्या आधी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण 60 सेकंद ठोके मोजा. मोजताना अंगठा वापरू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते. सात दिवसांची सरासरी हा तुमचा पाया. पुढे एखाद्या सकाळी आकडा त्यापेक्षा 8-10 ने जास्त आला, तर शरीर थकलेलं आहे. रात्रीच्या लाइटीवर ओलीत करून आलात, ताप येऊ घातलाय किंवा आदल्या दिवशी पाणी कमी पडलं, तर असं होतं. त्या दिवशी फक्त चाला. ठोके एकसारखे न पडता मधूनच चुकत असतील, तर आधी ईसीजी, मग धावणं.

आता वरची मर्यादा. वयाला 0.7 ने गुणून 208 मधून वजा करा. साठ वर्षांच्या माणसाचे 166 येतात. हा अंदाज आहे, प्रत्यक्षात 10-12 ठोके इकडेतिकडे असू शकतात. सुरुवातीचे दोन-तीन महिने याच्या 60 ते 70 टक्क्यांत, म्हणजे 100 ते 116 मध्ये राहा. अनेकांना नुसतं झपझप चालूनच तिथे पोचता येतं, त्यात कमीपणा नाही. एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं चाला, असं 20 मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बीपीसाठी मेटोप्रोलोल किंवा अ‍ॅटेनोलोल चालू असेल, तर ही गोळी ठोकेच दाबून ठेवते. अशा वेळी वरचं गणित सोडा आणि बोलण्यावरूनच ठरवा. गोळी मनाने बंद करू नका.

थांबल्याबरोबर 15 सेकंद मोजून चारने गुणा. लगेच मोजा, कारण ठोके झपाट्याने उतरतात. नंतर बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजा. या मिनिटात किती उतरले ते वहीत लिहा, महिन्यागणिक हा फरक वाढला पाहिजे. मधलं मिनिट हळू चालत काढूनही तो नेहमीच 12 पेक्षा कमी येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

ठोके मोजणारं मनगटी घड्याळ वापरत असाल, तर मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधा. सैल असलं की ते ठोक्यांऐवजी पावलं मोजतं आणि हळू धावतानाही 160-170 दाखवतं. शंका आली की बोटांनी पडताळा. ठोके मोजणारा छातीचा पट्टा जास्त खरा, त्याची आतली बाजू ओली करून बांधा. मोबाइलच्या जीपीएसला नेटवर्क लागत नाही, वावरातही अंतर नीट मिळतं. मोबाइल नसेल तर डांबरी रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आहेत. पांदण रस्त्यासाठी सायकलच्या टायरवर खडूची खूण करून एक फेरा टेपने मोजा आणि फेरे मोजत जा. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीच्या पांदणीवर धावू नका. चिखलाने बूट जड होतात, पाय घसरतो आणि नाडीचा आकडाही फुगतो.

दर चार आठवड्यांनी एकच चाचणी करा. तेच दोन किलोमीटर, तीच पहाटेची वेळ, नाडी 116 च्या आत. लागलेला वेळ लिहा. पंचवीस मिनिटांचे तेवीस झाले, तर हृदय सुधारलं. शेजारी त्या दिवशीचं तापमान, झोप आणि गुडघ्याचं दुखणंही नोंदवा.

तापमान का? उन्हात रक्त कातडी थंड ठेवायला वळतं, घामाने पाणी जातं, म्हणून त्याच वेगाला ठोके सहज 10-15 ने वाढतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पहाटही तापलेली असते. म्हणून मे महिन्याचा आकडा जानेवारीच्या शेजारी ठेवू नका, पुढच्या मे महिन्याशी ताडा. तोवर उजाडण्याआधी निघा आणि उन्हं वर येण्याआधी घरी या. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम किंवा भोवळ यातलं काहीही जाणवलं, तर तिथेच बसा आणि 108 ला फोन लावा.