स्मार्टवॉचवरून शरीराचं घड्याळ कसं ओळखावं

शरीराचं घड्याळ म्हणजे झोप कधी यावी, जाग कधी यावी हे ठरवणारी आतली लय. ती ओळखायला दोन-तीन आठवडे रोज रात्री स्मार्टवॉच घालून झोपा. चार्जिंग आंघोळीच्या वेळी उरका.

ॲपमधल्या स्लीप स्कोअरकडे, म्हणजे झोपेला दिलेल्या गुणांकडे, ढुंकूनही बघू नका. तो ब्याण्णव आला म्हणून शरीराचं घड्याळ पुढे आहे की मागे, हे कळत नाही. हव्यात दोनच वेळा: डोळा कधी लागला आणि जाग कधी आली. निपचित पडून मोबाइल बघत असलात तरी स्मार्टवॉच बऱ्याचदा ती झोपच धरतं. तेवढी वेळ हाताने दुरुस्त करा.

आता सुट्टीच्या, गजर न लावलेल्या रात्री निवडा आणि झोपेचा मध्य काढा. साडेबारा ते साडेसात झोपलात, तर मध्य पहाटे चार; हाच शरीराच्या घड्याळाचा ढोबळ अंदाज. कामाच्या दिवशी तोच अडीचला येत असेल, तर दर सोमवारी तुम्ही शरीराला दीड तास आधी ओढताय.

खरी गोची नाडीच्या आलेखात आहे. रात्री नाडी सर्वांत खाली येते ती वेळ म्हणजेच शरीराच्या घड्याळाची खूण, असं सर्रास सांगतात. मीही त्यात बराच काळ अडकलो होतो. रात्री दहाला मटण-भाकरी चापली की ठोके पहाटेपर्यंत चढेच राहतात आणि तो तळ दोन तास पुढे सरकतो. शरीराचं घड्याळ तिथंच असतं, सरकलेलं असतं ते जेवण. दारू, कणकण, उशिराची जिम, सगळ्यांची हीच तऱ्हा. म्हणून आठच्या आत जेवलेल्या, साध्या रात्रीच एकमेकींशी ताडून बघा. बाकीच्या सरळ गाळा. सरासरीत त्या घातल्या तर आलेखाचा काही उपयोग नाही.

मनगटाच्या तापमानाचं तर उलटंच. रात्री शरीर आतून थंड होतं, तेव्हा हातापायांची कातडी गरम होते. त्यात पंखा, एसी, गोधडी. पाळीच्या चक्रातही ते वरखाली होतं. ॲप रात्रीचा एकच आकडा देत असेल, तर या कामासाठी तो सोडून द्या.

शरीराचं आतलं तापमान नेहमी जाग येते त्या वेळेच्या साधारण दोन-तीन तास आधी तळाला जातं. त्यानंतरचा उजेड शरीराचं घड्याळ लवकरकडे ओढतो, आधीचा उशिराकडे. त्यामुळे लवकर उठायची सवय लागावी म्हणून साडेसातला उठणाऱ्याने एकदम चारला उठून लख्ख दिवे लावले, तर काम उलटं होतं. सव्वासातपासून सुरुवात करा, उठल्याबरोबर गच्चीत जा आणि दर तीन-चार दिवसांनी आणखी पाव तास लवकर उठा. फिरती रात्रपाळी असेल, तर हा हिशेब तुम्हाला लागू नाही.